इंग्रजी शब्द पाठ होतात पण टिकत नाहीत (आणि साहित्यातल्या संज्ञांचा घोळ)

माळरान

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४१, बारावीपर्यंत मराठी माध्यम. यंदा बाहेरून एम.ए.ला बसतेय, विषय इंग्रजी. कादंबरी वाचताना फारसं अडत नाही, संदर्भावरून गाडी पुढे जाते. अडतं ते दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे शब्द. रोज वीस शब्द वहीत लिहिते, समोर मराठी अर्थ, खाली वाक्य. सोमवारचे वीस बुधवारी गायब. 'टॅसिटर्न' आणि 'गॅर्युलस' यांतला अबोल कोण आणि बडबड्या कोण, हे आतापर्यंत चार वेळा पाठ केलंय. 'ऑब्सिक्विअस' म्हणजे लाळघोट्या, हे आज येतं, उद्याचं माहीत नाही.

दुसरं म्हणजे साहित्यातल्या संज्ञा. मिटॉनिमी, सिनेक्डकी, झूग्मा, युफेमिझम... व्याख्या घडाघड म्हणून दाखवते, पण उतारा समोर आला की डोळ्यांपुढे अंधार. आणि उच्चार! परवा संपर्क वर्गात मी 'हायपरबोल' म्हणाले. मागच्या बाकावरची विशीतली मुलं खुसखुसली. तो शब्द 'हायपर्बली' आहे, हे घरी आल्यावर मोबाइलने सांगितलं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी वाट दाखवा. 'रोज इंग्रजी पेपर वाचा' एवढं सोडून काहीही चालेल.

टवाळ_पोपट

रोज इंग्रजी पेपर वाचा.

(पळतो.)

दगडफूल

ताई, हायपरबोल म्हणणाऱ्यांची संघटना काढली तर अध्यक्षपद मला द्या. मी 'एपिटमी'ला 'एपिटोम' म्हणत अख्खं बी.ई. काढलं.

मी २००९ साली जीआरई (परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) दिली. तेव्हा विरुद्धार्थी शब्द सरळ विचारायचे, आणि 'अमक्याला तमकं तसं ढमक्याला काय' छापाच्या जोड्या असायच्या. त्यामुळे आम्ही सगळे याद्या घोकायचो. २०११च्या ऑगस्टपासून ते दोन्ही प्रकार गेले. आता वाक्यातली रिकामी जागा भरायची असते, म्हणजे शब्द कुठे बसतो ते कळावं लागतं. मला ते तेव्हा कळत नव्हतं. इथे परदेशात आल्यावर पहिल्याच महिन्यात गाईडला ईमेल लिहिली: थँक्स फॉर युवर पर्स्पिकेशस (म्हणजे मर्मज्ञ, पण बोलण्यात कुणी वापरत नाही) कमेंट्स. उत्तर सभ्य आलं, पण आठवडाभरात सगळी लॅब एकमेकांना पर्स्पिकेशस म्हणू लागली होती.

पाठांतरासाठी एक मात्र खरंच उपयोगी पडलं. चपलांचे तीन खोके. नवीन शब्दाची चिठ्ठी पहिल्या खोक्यात, तो रोज बघायचा. आला की चिठ्ठी दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. तिथेही आला की तिसऱ्यात, तो दहा दिवसांनी. चुकला की परत पहिल्यात. फोनवरची अ‍ॅप्स हेच करतात, फक्त खोका दिसत नाही. विसरण्याचा वेग मोजायचा उद्योग हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच केला आणि १८८५ साली छापला. त्यासाठी तो मुद्दाम निरर्थक अक्षरांचे तुकडे पाठ करायचा.

सुतारपक्षी

दगडफूल, तुमचं शेवटचं वाक्य हाच या धाग्याचा मुद्दा आहे. एबिंगहाउसने निरर्थक तुकडे का घेतले? तर आधीच्या ओळखीचा आधार मिळू नये म्हणून. माळरानताई इंग्रजी शब्द नेमके तसेच पाठ करतायत: ओळख ना पाळख, सोमवारी आला, बुधवारी गेला. पण आपल्याला तर आधार आहे, आणि तो घरातच आहे.

'ऑब्सिक्विअस' घ्या. पोटात लॅटिन 'सेक्वी', मागे मागे जाणे. सीक्वेन्स, सीक्वेल, कॉन्सिक्वेन्स ही सगळी त्याचीच पिल्लं. संस्कृतात याचा सख्खा भाऊ 'सच्', सोबत असणे. त्यातून आलेला शब्द म्हणजे 'सचिव'. आता ऑब्सिक्विअस विसरून दाखवा.

'टॅसिटर्न'मध्ये लॅटिन 'टाकेरे', गप्प बसणे. 'टॅसिट' म्हणजे न बोलता सूचित केलेलं, जसं मूक संमती, 'रेटिसेंट' म्हणजे हातचं राखून बोलणारा. इथे संस्कृत पाहुणे शोधत बसू नका, ही दोन इंग्रजी भावंडं पुरेत. बोलण्याचं खातं 'लोक्वी'कडे: लोक्वेशस बडबड्या, एलोक्वेंट वक्ता, सोलिलोक्वी म्हणजे एकट्याचं बोलणं, आपलं स्वगत. व्हेन्ट्रिलोक्विस्ट म्हणजे शब्दशः पोटातून बोलणारा. तुमच्या गॅर्युलसचा धातू वेगळा, पण अर्थाने तो याच कट्ट्यावर बसतो.

आता एक किल्ली देतो, तिने पुष्कळ कुलपं उघडतात. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला 'स' असेल तिथे ग्रीकमध्ये बहुतेकदा 'ह' असतो. सप्त – हेप्टा. स्वप्न – हिप्नोस, त्यावरून हिप्नोसिस. स्वादु – हेडिस, त्यावरून हिडनिस्ट, म्हणजे जिभेच्या आणि एकूणच सुखाच्या मागे लागलेला. सम – होमोस, त्यावरून होमोजीनिअस. फारसीतही असाच 'ह' होतो, आणि त्याचा पुरावा आपण रोज वापरतो: सप्ताह आणि हप्ता. देवळात बसतो तो सप्ताह, बँक कापते तो हप्ता, पोटात दोन्हींच्या सातच.

आणि नकाराचा 'अ'. संस्कृत अ/अन्, ग्रीक अ/अन्, लॅटिन इन्, इंग्रजी अन्. 'अनॉनिमस' म्हणजे अन् अधिक ओनोमा, ओनोमा म्हणजे नाम. आपल्या 'अनाम'चीच घडण. माझा आवडता नमुना 'अमृत'. मृत नाही ते अमृत. ग्रीक देव खातात ते 'अँब्रोशिया', तेही 'न मरणारं'. लॅटिनवाटे आलेला 'इमॉर्टल', तोही तोच. तीन भाषांनी 'मृ'पुढे नकार लावला, आणि तिन्ही शब्द आज इंग्रजी मासिकाच्या एका पानावर सापडू शकतात.

ऑफिसात आहे, बाकीचं रात्री टंकतो.

कंदील

वाचनखूण साठवली. सप्ताह-हप्ता वाचून ईएमआय जरा पवित्र वाटला.

सांजवेळ

म्हणजे इंग्रजी संस्कृतातूनच निघाली, हे सिद्धच झालं की! व्हॅटिकन म्हणजे वाटिका हेही वाचलंय कुठेतरी.

चौकोनी_लाडू

आलं, वाटिका आलं. कितव्या प्रतिसादाला येतंय ते मोजतच होते.

भावंडं म्हणजे लेकरं नव्हेत. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण केलं, तेव्हाही त्याचं म्हणणं एवढंच होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं नाही, या तिघी एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आज उरलंही नसेल.

नुसतं ऐकायला सारखं असून भागत नाही, ध्वनी ठरावीक नियमाने बदललेले दिसले पाहिजेत. याकोब ग्रिमने १८२२ साली यातला एक नियम मांडला. संस्कृत-लॅटिनचा 'प' इंग्रजीच्या घराण्यात 'फ' होतो: पितृ – फादर, पद – फुट. 'द'चा 'ट' होतो: दश – टेन, द्वि – टू. म्हणून दातासाठी इंग्रजीत दोन शब्द सापडतात. 'टूथ' घरचा, आणि 'डेंटिस्ट'मधला 'डेंट' लॅटिनकडून मागून आणलेला. एकाच दाताची दोन रूपं.

उलट फसवणूकही बघा. फारसी 'बद', आपल्या बदनाम-बदसुरातला, आणि इंग्रजी 'बॅड'. आवाज तोच, अर्थ तोच, नातं शून्य. देव आणि लॅटिन 'डेउस' एका कुळातले, पण ग्रीक 'थेओस' त्यातला नाही. आणि 'डेव्हिल'चा देवाशी काही संबंध नाही, तो ग्रीक 'डिआबोलोस'वरून आला.

मराठीतून इंग्रजीत गेलेलं काही हवंच असेल तर 'मंगूज' घ्या. तो आपला मुंगूस, शब्दकोश स्पष्ट लिहितात. त्याचं अनेकवचन मंगीज होत नाही, मंगूजेस होतं. तेवढा अभिमान पुरे.

सांजवेळ

बरं, वाटिका मागे घेतली. मुंगूस मिळालं, सौदा वाईट नाही.

निवृत्त_मास्तर

माळरान, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून विचारतो. शब्दशक्ती शिकवता ना? अभिधा, लक्षणा, व्यंजना? मग मिटॉनिमी आणि सिनेक्डकी तुम्हाला येतात, फक्त इंग्रजी नावाने हाक मारली म्हणून ओळखलं नाहीत.

शब्दाचा सरळ अर्थ घेतला तर वाक्य वेडगळ ठरतं, म्हणून त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. त्यातही लागून म्हणजे कसं, यावर इंग्रजीवाल्यांनी दोन खोल्या पाडल्या. भाग सांगून सगळं सुचवलं की सिनेक्डकी: 'घरात खाणारी तोंडं सहा', 'लग्नघरात चार हात जास्त लागतात'. नुसती सोबत किंवा संबंध असेल तर मिटॉनिमी: 'मंत्रालयाने होकार दिला' (इमारत बोलत नाही), 'मी सध्या ज्ञानेश्वर वाचतेय' (माणूस वाचत नाही, ग्रंथ वाचतो).

आता पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं उदाहरण घ्या: 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली'. उतारा आला असं समजा. कोणती खोली?

माळरान

सर, बांगडी हा बाईचा भाग... म्हणजे सिनेक्डकी?

निवृत्त_मास्तर

बांगडी अंगावर असते, अंगाचा भाग नसते. ती सौभाग्याची खूण. खुणेने माणूस दाखवला म्हणून मिटॉनिमी. तुमचं उत्तर पूर्ण चूक म्हणणार नाही, कारण सिनेक्डकी ही मिटॉनिमीचीच एक पोटजात मानणारेही आहेत. पेपरात कारण लिहा, म्हणजे गुण कापता येत नाहीत.

१७६१च्या त्या पराभवाची बातमी 'दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही' अशा शब्दांत आली, असं सांगतात. ते मात्र रूपक. मोती विश्वासरावांना लागून नव्हता, मोती म्हणजेच विश्वासराव. लागून असणं आणि तेच असणं, एवढा फरक पकडलात की मिटॉनिमी आणि मेटाफर पुन्हा एकमेकांत मिसळणार नाहीत.

ओवी

मास्तर, एक बारीक गोष्ट. आमच्या आजीसमोर 'बांगडी फुटली' म्हणायची कुणाची छाती नव्हती. बांगडी 'वाढवली' म्हणायचं. मंगळसूत्र तुटत नाही, 'वाढतं'. नारळ देवापुढे 'वाढवतात'. कुंकू संपत नाही, तेही 'वाढतं'. निघताना 'जातो' नाही, 'येतो'. रात्री साप म्हणायचं नाही, 'लांबडं' किंवा 'जनावर'.

माळरानताई, तुमच्या यादीतलं युफेमिझम ते हेच ना?

आणि म्हणून पानिपताच्या वाक्यात मुद्दाम 'फुटली' आहे असं मला वाटतं. 'सव्वा लाख बांगडी वाढली' म्हणून बघा, अंगावर काटाच येत नाही.

चौकोनी_लाडू

ओवी, +१००. हे वर्गात कुणी सांगितलं असतं तर मी गाईड विकत घेतलं नसतं.

सुतारपक्षी

रात्रीचं आश्वासन पाळतोय. ओवींचं युफेमिझम आधी घेतो. ग्रीक 'यू' म्हणजे चांगलं, आपल्या 'सु'चा नातलग. 'फेमे' म्हणजे बोलणं. म्हणजे घडण अगदी 'सुभाषित'सारखी, पण अर्थ बघा कुठल्या कुठे गेला! चौकोनी_लाडू यांच्या इशाऱ्यात एवढी भर घाला: धातू कळला म्हणजे अर्थ कळला असं नाही. संस्कृत 'शिक्षा' म्हणजे शिकवण, आणि आपल्या शाळेत शिक्षा झाली की अंगठे धरावे लागतात. 'राग' म्हणजे प्रेम, रंग, आसक्ती. मराठीत तो नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला. इंग्रजीतही तसंच. 'नाइस' हा लॅटिन 'नेस्किउस'वरून आला, म्हणजे अडाणी. कुणी नाइस म्हटलं तर भांडायला जाऊ नका. धातू ही खुंटी आहे, तिच्यावर शब्द टांगायचा, पण तो अंगात घालून बघायचा वाक्यातच.

आता मेटाफर. 'मेटा' पलीकडे, 'फेरेन' वाहून नेणे. फेरेन म्हणजे आपला 'भृ', भार-भरणातला. लॅटिनमध्ये हेच 'ट्रान्स' अधिक 'फेर', ट्रान्सफर! अर्थ इकडून उचलून तिकडे नेणे. आजही ग्रीसमध्ये घरसामान हलवणाऱ्या ट्रकांवर 'मेताफोरेस' लिहिलेलं असतं. तिकडे रूपक चार चाकांवर फिरतं.

हायपर्बली: 'हायपर' म्हणजे उपरि, 'बली' म्हणजे फेकणे. वरून फेकली, अतिशयोक्ती. ऑक्सिमोरॉन, म्हणजे परस्परविरोधी शब्दांची जोडी: 'ऑक्सिस' धारदार, 'मोरोस' मठ्ठ. धारदार-बोथट, म्हणजे त्या शब्दाचं नावच त्याचं उदाहरण. सार्कॅझम: 'सार्क्स' म्हणजे मांस, मांस तोडणे. आपण लचके तोडणे म्हणतो ते. एपिक: ग्रीक 'एपोस', आपला 'वचस्', वचनातला. हिस्टरी: 'विद्'च्या कुळातली, म्हणजे वेद, व्हिडिओ, आयडिया आणि हिस्टरी एका पंगतीला.

सगळेच शब्द असे खानदानी नसतात. मॅलाप्रॉपिझम हा शेरिडनच्या १७७५च्या नाटकातल्या मिसेस मॅलाप्रॉपवरून आला, ऐकायला सारखा पण भलताच शब्द ठोकून देणारी बाई. 'माझं बीपी लो आहे म्हणून डॉक्टरांनी इन्सल्ट केलं' म्हणणारे प्रत्येक बिल्डिंगीत एक असतातच, फक्त त्यांच्यावर नाटक झालं नाही.

टवाळ_पोपट

मी परत आलो. पेपर वाचून झाला.

झूग्मा कुणी घेतलाच नाही. शोधलं, तर कळलं की एकच क्रियापद दोन वेगळ्या अर्थांच्या कर्मांना जुंपायचं. हात्तिच्या! हे तर आमच्या ऑफिसात रोज चालतं:

साहेबांनी आधी भजी खाल्ली, मग पैसे, मग भाव, आणि शेवटी आमचं डोकं. चौकशी लागली तेव्हा मात्र कच खाल्ली.

सुतारपक्षी

पोपटराव, तुम्ही 'जुंपायचं' लिहिलंत ते सहज की माहीत होतं? झूग्मा म्हणजे ग्रीकमध्ये जुंपणं, जोडणं. धातू तोच, आपला 'युज्'. त्यातून योग, युक्त, युग. इंग्रजी 'योक' तोच. लॅटिन 'युगुम'वाटे 'कॉन्जुगल' म्हणजे दांपत्याचं, आणि 'सब्जुगेट' म्हणजे जोखडाखाली आणणं. (ही दोन इतकी जवळची निघावीत यावर बायकोने बरंच भाष्य केलं.) आणि मराठीत बैलांच्या मानेवर असतं ते 'जू'. संस्कृत 'युग'चंच ते रूप.

म्हणजे भजी आणि पैसे ही बैलजोडी, 'खाल्ली' हे जू.

टवाळ_पोपट

सहजच लिहिलं होतं. आता माहीत होतं असं सांगणार.

निवृत्त_मास्तर

दीपक अलंकार आठवला. एकच क्रियापद, उंबऱ्यावर ठेवलेल्या दिव्यासारखं दोन्हीकडे उजेड पाडतं. मात्र आपल्या दीपकात प्रस्तुत (ज्याविषयी बोलतोय ते) आणि अप्रस्तुत (तुलनेला आणलेलं) यांना एकच धर्म, म्हणजे गुण किंवा क्रिया, लावतात, अर्थ बदलायचं बंधन नाही. पोपटरावांच्या वाक्यात 'खाणे' दर वेळी वेगळं आहे, म्हणजे श्लेषाची फोडणी आहे. झूग्मा म्हणजे दीपक, असं समीकरण पेपरात लिहू नका. जवळचा आहे एवढंच लिहा.

दगडफूल

मास्तरांच्या 'समीकरण लिहू नका'ला जोडून. शब्दांच्या जोड्याही पाठ करा, सुटे शब्द नकोत. माझं पर्स्पिकेशस त्यामुळेच तोंडावर पडलं. मराठीत पाऊस पडतो, ऊन पडतं, थंडी पडते, पण वारा सुटतो. कुणी परदेशी माणूस 'आज वारा पडला' म्हणाला तर त्याला वारा वाहतोय म्हणायचं असतं आणि आपण समजतो वारा थांबला. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' आणि पाऊस 'हेवी'. उलट केलं तरी व्याकरण शाबूत राहतं, पण ऐकणारा थबकतो. चिठ्ठीवर शब्द लिहिताना शेजारी त्याचा जोडीदार लिहा.

माळरान

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. मध्ये चाचण्या आणि एक बारसं होतं.

खोके केले. दोन चपलांचे, तिसरा मिठाईचा, त्याला मुंग्या लागल्यामुळे आता तो ही चपलांचाच आहे. रोज वीसऐवजी सात शब्द घेते आणि एका कुळातले घेते. सचिवामुळे ऑब्सिक्विअस पक्का झाला. पंचायत समितीत गेले होते, तिथे एकांना बघून हसू दाबावं लागलं. टॅसिटर्न अजूनही एकदा चुकला, परत पहिल्या खोक्यात गेला. शांतपणे गेला, नावाला जागून.

मोठी गंमत संपर्क वर्गात झाली. झूग्माचं उदाहरण विचारलं. मी हात वर केला आणि पोपटरावांचे साहेब इंग्रजीत सांगायला उभी राहिले. 'ही एट भजी, देन मनी, देन...' आणि अडकले. इंग्रजीत भाव कसा खायचा? कच कशी खायची? वर्ग शांत. मग मी ते मराठीतच म्हणून दाखवलं. मागचा बाक हसला, या वेळी माझ्या बाजूने. मॅडम म्हणाल्या, उदाहरण उत्तम, पण इंग्रजीत 'ईट' ऐवजी 'टेक' वापरून बघा. मग मागच्याच बाकावरच्या एकाने जुळवलं: साहेबांनी लाच घेतली, रजा घेतली आणि रेल्वे घेतली, तिन्हींना 'टुक'. आता तो मला मधल्या सुट्टीत शब्द विचारतो.

ओवी, तुमचं 'वाढली' मी सातवीच्या वर्गातही सांगितलं. एका मुलीने घरून आणलं: दिवा विझवत नाहीत, त्याला 'निरोप देतात'. आता ती सगळी यादी करतायत, फळ्याचा अर्धा भाग त्यांनी अडवलाय.

पुढच्या रविवारी कियाझमस आहे. कुणी मराठी उदाहरण देईल का?

चौकोनी_लाडू

ग्रीक अक्षर 'काय'वरून आलाय, ते फुलीसारखं दिसतं. दोन गोष्टी पहिल्या अर्ध्यात एका क्रमाने, दुसऱ्यात उलट्या. 'जगण्यासाठी खावं, खाण्यासाठी जगू नये' हे चालेल.

आणि ताई, तो कियाझमस नाही. काय-अ‍ॅझमस.

माळरान

काय!

टवाळ_पोपट

हो, तेवढं बरोबर आलं. पुढे अ‍ॅझमस.